अमेरिकन यादवी युद्ध आणि अस्सल कागद : सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए.ला अमेरिकेचा इतिहास घेतलाय. यादवी युद्धाच्या कारणांबद्दल एक पुस्तक म्हणतं गुलामगिरी, दुसरं म्हणतं राज्यांचे हक्क, तिसरं दोन्ही सांगून पुढे जातं. म्हणून पुस्तकं बाजूला ठेवून मूळ कागदपत्रंच वाचावीत असं तुम्हांला वाटू लागलंय. कुठली वाचावीत, कुठे मिळतील आणि त्यांवर कितपत विसंबावं, हे तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं महाविद्यालयात हा विषय शिकवला आणि वर्गातला बराचसा वेळ अशा कागदांवरच घालवला. त्या अनुभवावरून पहिली विनंती ही की पुस्तकं बाजूला ठेवू नका. तुमची खरी अडचण कागद कुठला वाचावा ही नाहीच. ती तीन पुस्तकं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत आणि तुम्ही ती एकाच प्रश्नाची समजून वाचताय. "युद्ध कशामुळे झालं" या वाक्यात निदान चार प्रश्न आहेत. दक्षिणेतली राज्यं संघराज्यातून का फुटली? ती फुटल्यावर उत्तरेने त्यांना जाऊ का दिलं नाही? रणांगणावरचा शिपाई कशासाठी लढला? आणि सुरुवातीला जो हेतू जाहीर झाला तोच शेवटपर्यंत टिकला का? यातल्या प्रत्येक प्रश्नाचे कागद वेगळे आहेत. एकाचे कागद दुसऱ्याला लावले की गोंधळ होणारच.

पहिल्या प्रश्नाचे कागद सर्वांत स्पष्ट आहेत, कारण फुटणाऱ्यांनी आपली कारणं स्वतःच लिहून ठेवली. साउथ कॅरोलिना २० डिसेंबर १८६० रोजी बाहेर पडलं आणि चारच दिवसांनी त्या राज्याच्या अधिवेशनाने कारणांचा जाहीरनामा मंजूर केला. तो वाचताना एक गोष्ट आवर्जून बघा. राज्यांच्या हक्कांची भाषा त्यात भरपूर आहे, पण मुख्य तक्रार अशी आहे की उत्तरेकडची राज्यं आपले कायदे करून पळून आलेले गुलाम परत करायला नकार देतात, आणि न्यूयॉर्कची न्यायालयं तर मालकाला गुलामासह नुसतं राज्यातून जाऊही देत नाहीत. म्हणजे उत्तरेकडच्या राज्यांनी आपला हक्क वापरला, हीच दक्षिणेची तक्रार. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं की "राज्यांचे हक्क" हे उत्तर पुरेसं वाटत नाही. कशाचा हक्क, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो.

मिसिसिपीचा जानेवारी १८६१चा जाहीरनामा त्याहून थेट आहे. सुरुवातीलाच त्यात म्हटलंय की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित आहे आणि जगातला सर्वांत मोठा भौतिक हितसंबंध तोच आहे. पुढे म्हटलंय की गुलामगिरीवरचा घाव हा व्यापारावरचा आणि सुसंस्कृत जीवनावरचा घाव होय. त्या वेळी मिसिसिपीतल्या लोकसंख्येतली निम्म्याहून अधिक माणसं गुलाम होती. हा आकडा शेजारी ठेवून ते वाक्य वाचलं की ते लिहिणाऱ्यांची भीतीही दिसते आणि हिशेबही दिसतो.

पण इथे थांबून एक मर्यादा सांगितली पाहिजे. असे सविस्तर जाहीरनामे चारच राज्यांनी काढले : साउथ कॅरोलिना, मिसिसिपी, जॉर्जिया आणि टेक्सस. बाकीच्यांचे बहुतेक नुसते ठराव आहेत, कायद्याच्या कोरड्या भाषेतले. शिवाय व्हर्जिनिया, आर्कन्सा, नॉर्थ कॅरोलिना आणि टेनेसी ही चार राज्यं एप्रिल १८६१मध्ये साउथ कॅरोलिनातल्या, संघराज्याच्या ताब्यातल्या सम्टर किल्ल्यावर दक्षिणेने तोफा डागल्यावर आणि अध्यक्ष लिंकनने पंचाहत्तर हजार सैनिकांची मागणी केल्यावर बाहेर पडली. त्यांच्या बाबतीत मिसिसिपीचा कागद पुरावा म्हणून पुढे करता येत नाही. त्यांच्या अधिवेशनांतल्या चर्चा आणि तिथली त्या महिन्यांतली वर्तमानपत्रं वेगळी वाचावी लागतात. गुलामगिरी तिथेही मध्यवर्तीच आहे, पण निर्णयाची घडी वेगळी आहे आणि ती वेगळी मांडणं हाच अभ्यास.

आता "राज्यांचे हक्क" वाल्या पुस्तकाकडे येऊ. ते पुस्तक खोटं रचून लिहिलेलं नसतं. तेही कुठल्यातरी कागदांवरच उभं असतं. बहुधा ते कागद युद्धानंतरचे असतात. अलेक्झांडर स्टीव्हन्सचं उदाहरण मी दरवर्षी वर्गात घेत असे. हा माणूस दक्षिणी महासंघाचा, म्हणजे फुटलेल्या राज्यांनी उभारलेल्या नव्या सरकारचा, उपाध्यक्ष. २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना शहरात त्याने भाषण केलं आणि सांगितलं की आमच्या नव्या सरकारची कोनशिला हीच आहे की निग्रो गोऱ्या माणसाच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी ही त्याची नैसर्गिक अवस्था आहे. युद्ध हरल्यावर त्याच माणसाने १८६८ आणि १८७०मध्ये दोन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि सगळा झगडा केंद्रसत्ता विरुद्ध राज्यं असा घटनात्मक तत्त्वांचा होता असं मांडलं. माणूस एकच. मधे काय झालं? पराभव झाला आणि गुलामगिरी नष्ट झाली. तिचं समर्थन करून आता हाती काहीच लागणार नव्हतं.

आपल्याकडे हे समजायला सोपं जावं. राजवाड्यांनी १८९८मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तेव्हापासून बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक मराठी वाचकाला माहीत आहे. बखर घटनेनंतर, कुणाच्या तरी सांगण्यावरून, कुलाची किंवा धन्याची बाजू सांभाळत लिहिलेली असते. पत्र कामाच्या घाईत लिहिलेलं असतं आणि लिहिणाऱ्याला पुढे काय होणार हे ठाऊक नसतं. स्टीव्हन्सचा ग्रंथ ही बखर आहे. ती टाकून द्यायची नाही. १८६८ साली पराभूत दक्षिणेला स्वतःबद्दल काय सांगायचं होतं, याचा तो उत्तम पुरावा आहे. १८६१ साली काय घडलं याचा मात्र दुय्यम.

मग सव्हानाचं भाषण तरी पक्कं का? तुम्ही विसंबण्याबद्दल विचारलंय म्हणून हे सविस्तर सांगतो. त्या भाषणाची स्टीव्हन्सच्या हातची प्रत नाही. आपल्याकडे आहे तो वर्तमानपत्राच्या बातमीदाराने घेतलेला वृत्तान्त, आणि भाषण शब्दशः उतरवलेलं नाही असं बातमीदारानेच म्हटलंय. पुढे १८६५मध्ये कैदेत असताना स्टीव्हन्सनेही त्या टिपणांबद्दल तक्रार केली. अशा वेळी मी भाषणातला एखादा शब्द धरून बसत नाही. त्यातला मुद्दा त्याच काळातल्या, दुसऱ्या हातांनी लिहिलेल्या कागदांत सापडतो का ते बघतो. मिसिसिपीचा जाहीरनामा दोन महिने आधीचा. दक्षिणी महासंघाची राज्यघटना त्याच मार्चमधली, आणि तिच्यात निग्रो गुलामांवरच्या मालकीहक्काला बाध आणणारा कायदा करता येणार नाही असं कलम आहे. दुसऱ्यांनी, दुसऱ्या कामासाठी लिहिलेले कागद तेच सांगत असतील, तर बातमीदाराच्या हातून दोनचार शब्द इकडेतिकडे झाले तरी मुद्दा टिकतो. एकटा कागद कितीही झळाळता असला तरी मी त्याच्या आधारावर निष्कर्ष काढू देत नसे.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे उत्तरेचे कागद वाचायला गेलात की चित्र एकदम बदलतं. ४ मार्च १८६१च्या पहिल्या अध्यक्षीय भाषणात लिंकन सांगतो की जिथे गुलामगिरी आहे तिथे हात घालण्याचा माझा इरादा नाही. त्याच जुलैमध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव केला की हे युद्ध राज्यांच्या प्रस्थापित संस्था मोडण्यासाठी नाही, संघराज्य टिकवण्यासाठी आहे. तेव्हा दक्षिण गुलामगिरी वाचवायला फुटली आणि उत्तर सुरुवातीला गुलामगिरी नष्ट करायला लढली नाही, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. तुमच्या तीन पुस्तकांतली निम्मी भांडणं इथेच मिटतील.

आणि आता ज्या कागदाचा सर्वांत जास्त गैरवापर होतो त्याकडे. लिंकनचं न्यूयॉर्क ट्रिब्यूनचा संपादक होरेस ग्रीली याला लिहिलेलं पत्र, तारीख २२ ऑगस्ट १८६२. एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचवता आलं तर मी तसं करीन, सगळ्यांना मुक्त करून वाचवता आलं तर तसं करीन, आणि काहींना मुक्त करून बाकीच्यांना तसंच ठेवून वाचवता आलं तर तेही करीन, हे त्यातलं प्रसिद्ध वाक्य. तेवढंच उचलून लिंकनला गुलामगिरीची पर्वाच नव्हती असा निकाल लावला जातो. उत्तरपत्रिकांत मी तो असंख्य वेळा वाचलाय.

हे पत्र तारखांच्या माळेत बसवून बघा. २२ जुलै १८६२ रोजी लिंकनने मंत्रिमंडळापुढे मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा वाचला होता. परराष्ट्रमंत्री सेवर्डने सल्ला दिला की आत्ता काढलात तर हरणाऱ्याची धडपड दिसेल, एखादा विजय मिळेपर्यंत थांबा. म्हणजे ग्रीलीला पत्र लिहिलं तेव्हा मसुदा महिनाभर तयार होता. ग्रीलीने आपल्या पत्रात जाहीर पत्र छापून अध्यक्षाला धारेवर धरलं होतं, आणि लिंकनचं उत्तरही खाजगी नव्हतं, वर्तमानपत्रात छापून येण्यासाठीच होतं. गुलामगिरी असूनही संघराज्यात राहिलेल्या केंटकी, मिझुरीसारख्या राज्यांतले लोक ते वाचणार होते. १७ सप्टेंबरला अँटिएटमची लढाई झाली आणि हवा होता तो विजय लिंकनला तिच्यात दिसला. २२ सप्टेंबरला प्राथमिक जाहीरनामा निघाला आणि १ जानेवारी १८६३ला अंतिम. या माळेत ठेवल्यावर ते पत्र मनातलं मोकळं करणारं पत्र राहत नाही. येऊ घातलेल्या निर्णयासाठी, संघराज्य वाचवण्याच्या नावाखाली, जमीन तयार करणारं पत्र होतं. शिवाय शेवटचं वाक्य वाचलंत तर लिंकन स्वच्छ म्हणतो की हे माझ्या पदाच्या कर्तव्याबद्दल झालं, सगळीकडची सगळी माणसं मुक्त असावीत ही माझी वैयक्तिक इच्छा बदललेली नाही. अर्धा कागद वाचणारा चुकतो तो असा.

उलट बाजूनेही तेवढंच सावध राहायला हवं. मुक्तीचा अंतिम जाहीरनामा वाचलात तर तो काव्यमय नाही, हुकूमनाम्यासारखा आहे. बंडखोर राज्यांची यादी आहे, लुइझियानातले काही भाग आणि व्हर्जिनियातल्या काही काउंट्या (म्हणजे जिल्हे) नावांनिशी वगळल्या आहेत, आणि संघराज्यात राहिलेल्या गुलाम-राज्यांचा उल्लेखच नाही. कारण तो सेनापती या नात्याने, युद्धाची गरज म्हणून काढला होता. जिथे बंड नाही तिथे ते अधिकार पोचत नव्हते. मुक्त झालेल्यांना सैन्यात घेण्याची तरतूदही त्यातच आहे, शेवटाकडे, आणि वाचणारे तिच्यावरून घाईने पुढे जातात. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णी सैनिक संघराज्याच्या सैन्यात दाखल झाले होते.

आतापर्यंतचं एवढं लक्षात ठेवा : आधी प्रश्न नेमका करा, मग त्याच प्रश्नाचा आणि त्याच काळातला कागद घ्या, तो पूर्ण वाचा, तारखांच्या ओळीत ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या कागदाशी ताडून बघा.

आता जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वर आलेले सगळे कागद राज्यकर्त्यांचे आहेत. ज्यांच्यावरून हे युद्ध झालं त्या जवळजवळ चाळीस लाख माणसांचे कागद कुठे आहेत? बहुतेक दक्षिणी राज्यांत त्यांना लिहायला-वाचायला शिकवणं कायद्याने बंद किंवा दडपलेलं होतं. १८६०च्या जनगणनेतली गुलामांची स्वतंत्र पत्रकं एकदा उघडून बघाच. मालकाचं नाव आहे. त्याखाली ओळीने वय, स्त्री की पुरुष, रंग. बहुतेक ठिकाणी त्या माणसाच्या नावाला रकानाच नाही. ३५, स्त्री. ९, मुलगा. ४, मुलगी. आई-मुलं असतील, नसतील, कागद सांगत नाही. हीच माणसं १८७०च्या जनगणनेत पहिल्यांदा नाव-आडनावासह दिसतात. ही दोन पत्रकं मी वर्गात शेजारी-शेजारी ठेवत असे, आणि त्यानंतर व्याख्यानाची फारशी गरज उरत नसे.

जिथे त्यांचा आवाज सापडतो तिथेही मधे कोणाचा हात आहे ते बघावं लागतं. जॉर्डन अँडरसनचं पत्र त्यासाठी घ्या. टेनेसीतला हा गुलाम मुक्त होऊन ओहायोतल्या डेटनला गेला. जुन्या मालकाने परत कामाला बोलावलं, तेव्हा ७ ऑगस्ट १८६५ या तारखेचं त्याचं उत्तर आहे : इथे महिना पंचवीस डॉलर मिळतात, मुलं शाळेत जातात, तुमचा प्रामाणिकपणा पारखण्यासाठी आधी मागची मजुरी द्या. माझी बत्तीस वर्षं आणि माझी बायको मँडी हिची वीस, मिळून ११,६८० डॉलर होतात. त्यातून आमचे कपडे, डॉक्टरच्या तीन भेटी आणि मँडीचा दात काढल्याचा खर्च वजा करा. पत्र सांगून लिहवलेलं आहे आणि वर्तमानपत्रात छापलेलं आहे. लिहून घेणाऱ्याने किती रंग भरला, ही शंका रास्त आहे. तरी माणूस खरा आहे, नंतरच्या जनगणनेत तो डेटनला सापडतो. आणि बावन्न वर्षांच्या श्रमाची किंमत मांडण्याचा विचार त्याच महिन्यांत मुक्त झालेल्यांच्या इतर अर्जांत आणि मजुरीच्या तक्रारींतही दिसतो. १९३६ ते १९३८मध्ये सरकारी लेखक-प्रकल्पाने पूर्वी गुलाम असलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या मुलाखती घेतल्या, त्याही वाचा. पण मुलाखत घेणारे बहुतेक गोरे होते, काळ मंदीचा होता आणि बोलणारे सत्तर वर्षांपूर्वीचं आठवत होते, हे समोर ठेवून.

मराठी वाचकाला इथे महात्मा फुल्यांची आठवण होणारच. १८७३ची 'गुलामगिरी' त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका अमेरिकेच्या इतिहासाचं साधन म्हणून वाचली तर अपुरी वाटेल, कारण तिच्यात मुक्ती देणारे दिसतात, पळून जाऊन मुक्ती घेणारे दिसत नाहीत. मे १८६१मध्येच फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे गुलाम व्हर्जिनियातल्या मन्रो किल्ल्यात संघराज्याच्या फौजेकडे निघून आले होते. त्यांना परत न पाठवण्याचं तिथला सेनाधिकारी जनरल बटलर याने ठरवलं आणि वॉशिंग्टनला धोरण ठरवावं लागलं. पण फुले लिहीत होते ते इथल्या लोकांसाठी. आपल्या देशबांधवांनी शूद्रांना मुक्त करण्याच्या कामी अमेरिकेतल्या त्या माणसांचा कित्ता गिरवावा हे सांगण्यासाठी. पुण्यातला १८७३चा कागद म्हणून वाचली की त्या अर्पणपत्रिकेची ताकद कळते. कागद कुठल्या कामासाठी जन्मला हे विचारायचं ते यासाठी.

शिपायांबद्दलचा तिसरा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. पत्रं अक्षरशः हजारो आहेत आणि निवड कशी करायची यातच पहिलं वर्ष जाईल. करायचंच असेल तर व्हर्जिनिया विद्यापीठाचा 'व्हॅली ऑफ द शॅडो' हा संग्रह घ्या. त्यात उत्तरेतली एक आणि दक्षिणेतली एक अशा दोनच काउंट्यांची पत्रं, रोजनिश्या आणि वर्तमानपत्रं आहेत, म्हणून आवाक्यात राहतं.

बाकीचं कुठे मिळेल? जाहीरनामे, राज्यघटना आणि अध्यक्षीय भाषणं येल विद्यापीठाच्या ॲव्हलॉन प्रकल्पात स्वच्छ टंकलेली आहेत. लिंकनचे कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये छायाचित्रांसह आहेत. मुक्त झालेल्यांचे अर्ज, तक्रारी आणि साक्षी यांसाठी मेरीलँड विद्यापीठाच्या फ्रीडमेन अँड सदर्न सोसायटी प्रकल्पातले निवडक कागद वाचा, माझ्या मते विद्यार्थ्यासाठी याहून चांगली सुरुवात नाही. जुनी वर्तमानपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्याच 'क्रॉनिकलिंग अमेरिका' या संग्रहात. हे सगळं इथे बसून, विनामूल्य वाचता येतं. मात्र वर्तमानपत्रांतला यंत्राने ओळखलेला मजकूर चुकांनी भरलेला असतो. शोधायला तो वापरा, उतरवून घेताना पानाचं चित्रच वाचा. आणि समाजमाध्यमांवर फिरणारं लिंकनचं कुठलंही वचन मूळ कागदात सापडेपर्यंत वहीत उतरवू नका.

किती वाचायचं हे तुमच्या हातातल्या वेळावर आहे. परीक्षा दोन महिन्यांवर असेल तर साउथ कॅरोलिना आणि मिसिसिपीचे जाहीरनामे, लिंकनचं पहिलं अध्यक्षीय भाषण, ग्रीलीला पत्र आणि मुक्तीचा जाहीरनामा एवढे पाच पुरे, उत्तराला पाया मिळेल. प्रबंध करायचा असेल तर एक राज्य, एक हिवाळा निवडा, उदाहरणार्थ १८६०-६१चा व्हर्जिनिया, आणि तिथेच खोल जा. इंग्रजीची धास्ती वाटत असेल तर मिसिसिपीपासून सुरुवात करा. तो छोटा आहे. एका बैठकीत मोठ्याने वाचून होतो, कारण तो सभागृहात वाचून मंजूर करण्यासाठीच लिहिला होता. साउथ कॅरोलिनाचा दुसऱ्या दिवशी घ्या, त्यातली वाक्यं लांब आहेत आणि पहिला अर्धा भाग कायद्याच्या युक्तिवादाचा आहे. तो कंटाळवाणा वाटला तरी ओलांडू नका, राज्यांच्या हक्कांची सगळी भाषा तिथेच आहे आणि ती कशाच्या रक्षणासाठी वापरली गेली ते उरलेल्या अर्ध्या भागात येतं.